न मोजलेली वाफ, न मोजलेली वीज

या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्राने भारनियमनाचे चटके पुरेपूर सोसले. गुहागरच्या एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प महागड्या विजेच्या वादात २००१ मध्ये बंद पडला, आणि पुढची काही वर्षे खेडोपाडी आठ-आठ, दहा-दहा तास अंधार राहिला. त्या काळात वीजबचत हा घरात, शाळेत, कारखान्यात सर्वत्र बोलला जाणारा विषय होता. पुढे वीज मिळू लागली आणि विषय मागे पडला. वीज गेली की सारे गाव ओरडते. वाया जाणारी वीज मात्र आवाज करीत नाही. ती महिन्याच्या शेवटी देयकात एका आकड्याच्या पोटात बसून येते आणि मालक तो आकडा मुकाट्याने भरतो. महाडच्या औद्योगिक वसाहतीतील लहान व मध्यम कारखान्यांपुढचा प्रश्न आज नेमका हा आहे, आणि त्याकडे जेवढे लक्ष द्यायला हवे तेवढे ना उद्योजक देत आहेत, ना समाज.

महाड म्हटले की मराठी मनाला रायगड आठवतो, १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह आठवतो. परंतु गेल्या चार दशकांत सावित्रीच्या खोऱ्यात आणखी एक महाड उभे राहिले आहे. महामार्ग सोडून बिरवाडीकडे वळले की चिमण्या आणि नळ्यांचे जाळे दिसू लागते, ते हे महाड. आयब्युप्रोफेन हे वेदनाशामक जगभर खपते. त्यासाठी लागणारे आयसोब्युटाइल बेंझिन महाडच्या विनती ऑर्गॅनिक्समध्ये मोठ्या प्रमाणावर तयार होते. पुण्याच्या सुदर्शन केमिकल्सची रंगद्रव्ये, लक्ष्मी ऑर्गॅनिकची द्रावणे, प्रिवीची सुगंधी रसायने ही याच वसाहतीतील उत्पादने. या मोठ्या नावांपाशी स्वतःचे अभियंते आहेत, मोजमापाची साधने आहेत, भांडवलही आहे. त्यांची चिंता करण्याचे कारण नाही. चिंता आहे ती त्यांच्या आजूबाजूच्या लहान कारखान्यांची. तेथे एक बॉयलर, दोन-चार रिअ‍ॅक्टर, एक चिलर, एक कॉम्प्रेसर आणि हे सगळे सांभाळणारा एकच मेंटेनन्सचा माणूस असतो. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील अनेक घरांची चूल अशा कारखान्यांच्या पगारावर पेटते. चिनी मालाशी भावात टक्कर देताना सर्वांत आधी कोलमडतात तेही हेच.

रसायनाच्या कारखान्यात कच्च्या मालाचा भाव मालकाच्या हातात नसतो, विक्रीचा भावही नसतो. इंधन आणि वीज किती जळावी, हे मात्र बऱ्याच अंशी त्याच्या हातात असते. तेथेच सर्वांत अधिक ढिलाई आढळते. सात किलो दाबाच्या वाफेच्या नळीला केवळ तीन मिलिमीटरचे छिद्र पडले, तर त्यातून ताशी पंचवीस ते तीस किलो वाफ निघून जाते. कारखाना वर्षाला आठ हजार तास चालतो असे धरले, तर दोनशे टनांहून अधिक वाफ हवेत जाते. वाफेचा खर्च किलोला दोन रुपये धरला तरी हे चार लाखांचे नुकसान झाले, आणि तेही एका छिद्राचे. अशी छिद्रे, गळके व्हॉल्व्ह आणि बिघडलेले स्टीम ट्रॅप कारखान्याला सवयीचे होऊन जातात. फुसफुस ऐकू आली म्हणजे बॉयलर चालू आहे, एवढाच अर्थ कामगार लावतो.

तीच कथा कंडेन्सेटची. वाफेने आपली उष्णता दिल्यावर जे गरम, स्वच्छ पाणी उरते ते बॉयलरकडे परत आणावे, हा बाष्पविद्येचा पहिला धडा आहे. बॉयलरला दिल्या जाणाऱ्या पाण्याचे तापमान सहा अंशांनी वाढले की सुमारे एक टक्का इंधन वाचते. तीस अंशांचे पाणी घालण्याऐवजी नव्वद अंशांचे घातले, तर बचत दहा टक्क्यांच्या घरात जाते. तरीही ते गरम पाणी गटारात सोडले जाते, कारण परतीची नळी टाकण्याचे काम राहून गेलेले असते. चिमणीतून जाणाऱ्या धुराचे तापमान बावीस अंशांनी खाली आणले तर आणखी एक टक्का वाचतो. पण तेथे तापमापकच नसतो, असला तर बंद असतो, आणि चालू असला तर त्याची नोंद कोणी करीत नाही. त्यात कोकणचा पाऊस. उघड्या शेडखाली ठेवलेले ब्रिकेट आणि कोळसा आषाढात ओले होतात, मग भट्टीतील उष्णतेचा मोठा वाटा ते पाणी वाळविण्यातच खर्ची पडतो.

विजेच्या बाजूला हीच गोष्ट मोटारींची. पंधरा किलोवॅटची मोटार पूर्ण भाराने वर्षाला सहा हजार तास चालली, तर ती ९० हजारांहून अधिक युनिट खाते. युनिटला नऊ रुपये धरले की खर्च आठ लाखांच्या पुढे जातो. मोटारीची स्वतःची किंमत लाखाच्या आतबाहेर. तरीही खरेदी करताना पाच-दहा हजारांची घासाघीस होते आणि मोटारीच्या कार्यक्षमतेचा आकडा कोणी विचारत नाही. ८८ टक्के कार्यक्षमतेच्या मोटारीऐवजी ९२ टक्क्यांची घेतली तर वरील हिशोबाने वर्षाला सुमारे ४० हजार रुपये वाचतात. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहर बुडाले तेव्हा दुकानांतील आणि गिरण्यांतील यंत्रेही पाण्याखाली गेली. अशा प्रसंगी भिजलेली मोटार रिवाइंड करून पुन्हा लावणे हा स्वाभाविक मार्ग असतो. परंतु रिवाइंडिंग निष्काळजीपणे झाले तर मोटार फिरते, काम करते, मात्र प्रत्येक तासाला थोडी अधिक वीज खाते. पूर ओसरल्यावरही त्याचा भुर्दंड चालूच राहतो.

आणखी एक बाब. १ एप्रिल २०२० पासून राज्यातील उच्चदाब ग्राहकांना वीजदेयक केव्हीएएच पद्धतीने आकारले जाऊ लागले. याचा व्यावहारिक अर्थ असा की पॉवर फॅक्टर घसरला तर त्याची किंमत सरळ युनिटांतून वसूल होते. ज्यांनी कॅपॅसिटर वेळेवर तपासले त्यांना हा बदल जाणवलाही नाही. ज्यांनी तपासले नाहीत ते वीज महागल्याची तक्रार करीत राहिले.

हे सारे दुखणे यंत्रांचे नाही, हिशोबाचे आहे. आणि हिशोबाची ही दृष्टी या भूमीला परकी नाही. राज्याभिषेकाच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ पावसाळी छावणीस असलेल्या लष्कराच्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला उपद्रव देऊ नये, ही त्यातील आज्ञा सर्वांना पाठ असते. परंतु त्या पत्राचा मोठा भाग पुरवठ्याच्या हिशोबाचा आहे. दाणा आणि वैरण आत्ता हाताशी आहे म्हणून मनमानी उधळली तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही रयतेच्या दारात जाल, असे महाराज बजावतात. रात्री दिवा जळता ठेवला तर उंदीर वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील, इतक्या बारकाव्यापर्यंत ते उतरतात. राज्याचा धनी दिव्याच्या वातीचा विचार करतो. ज्या तालुक्यात ती राजधानी होती, तेथील कारखान्यात स्टीम ट्रॅप कोणी पाहू नये हे शोभत नाही.

आता कायद्याकडे वळू. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला आणि १ मार्च २००२ रोजी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो अस्तित्वात आला. प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक आणि ऊर्जा व्यवस्थापक घडविणारी राष्ट्रीय परीक्षा सुरू झाली. राज्यात या कायद्याच्या अंमलबजावणीचे काम पुण्याच्या महाऊर्जाकडे, म्हणजे महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरणाकडे आले. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘पॅट’ योजनेने पोलाद, सिमेंट, खते, औष्णिक वीज अशा आठ क्षेत्रांतील ४७८ मोठ्या उद्योगांना ऊर्जावापराचे लक्ष्य ठरवून दिले. पहिल्या तीन वर्षांच्या आवर्तनात ठरलेल्या ६६.८६ लाख टन तेलतुल्य ऊर्जेच्या जागी ८६.७ लाख टनांची बचत झाली. मोजमाप सक्तीचे झाले की भारतीय उद्योग काय करू शकतो, याचे हे प्रत्यंतर आहे. परंतु हे बंधन मोठ्यांना. महाडच्या छोट्या रसायन कारखान्याचा वापर त्या मर्यादेच्या कितीतरी खाली. त्याला कायदा काही विचारत नाही, त्यामुळे तो स्वतःलाही काही विचारत नाही.

ही पोकळी भरून काढायची ती ऊर्जा सल्लागाराने. पण सल्लागार म्हणून दारात येणाऱ्यांत अनेकदा यंत्रविक्रेत्याचा प्रतिनिधी असतो. तो ‘मोफत ऑडिट’ करतो आणि निष्कर्ष ठरलेला असतो: त्याच्याच कंपनीचा व्हीएफडी बसवा, त्याचाच कॉम्प्रेसर घ्या. व्हीएफडी हे उत्तम साधन आहे. पंख्याचा अथवा पंपाचा वेग वीस टक्क्यांनी कमी करता आला तर विजेचा वापर जवळजवळ निम्म्यावर येतो. परंतु जो पंप सदैव पूर्ण भारानेच चालवावा लागतो त्याला ते बसवून काय साधणार? हे सांगण्यात विक्रेत्याचे हित नसते. दुसऱ्या प्रकारचा सल्लागार प्रामाणिक असतो, पण तो मुंबई-पुण्याहून येतो, दोन दिवस मोजमाप घेतो, दीडशे पानांचा इंग्रजी अहवाल देतो आणि जातो. अहवाल कपाटात बसतो. मेंटेनन्सच्या माणसाला तो वाचता येत नाही, मालकाला सवड नसते. सहा महिन्यांनी तोच ट्रॅप तशीच वाफ फुंकत असतो. म्हणून सल्लागाराचे खरे काम अहवाल हातात पडल्यावर सुरू व्हायला हवे. सुचविलेली दुरुस्ती झाली का, झाल्यावर आकडा खरोखर खाली आला का, आणि वर्षभराने तो पुन्हा वर चढला तर का चढला, हे पाहणारा माणूस पंधरवड्यातून एकदा तरी कारखान्यात आला पाहिजे. दूरच्या शहरातील माणसाकडून हे होणार नाही. त्यासाठी सल्लागार याच परिसरातला हवा.

कारखानदारांचाही एक आक्षेप असतो आणि तो पोकळ नाही. रसायनाच्या धंद्यात प्रक्रियेचे गुपित हेच भांडवल. बाहेरच्या माणसाला आत कसे येऊ द्यावे? परंतु बॉयलर, कॉम्प्रेसर, चिलर, कूलिंग टॉवर, पंप, वीजजोडणी हा सारा भाग रिअ‍ॅक्टरबाहेरचा आहे. कोणते रसायन कशात मिसळले जाते हे न पाहताही बचतीचा मोठा वाटा तेथेच सापडतो. कराराचा एक कागद आणि ठरवून दिलेली हद्द एवढ्याने ही भीती दूर होऊ शकते.

येथे एक धोक्याची सूचना देणे आवश्यक आहे. बचतीच्या नावाखाली काय बंद करायचे नाही, हेही सल्लागाराने तितक्याच ठामपणे सांगितले पाहिजे. सांडपाणी प्रक्रियेतील हवा सोडणारे ब्लोअर भरपूर वीज खातात, आणि रात्री ते बंद ठेवण्याचा मोह कोणालाही होईल. त्या बचतीची किंमत सावित्री भरते, नदीकाठचा मच्छीमार भरतो. जाणकार माणूस ब्लोअर बंद करीत नाही. तो पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजतो, जुने डिफ्यूझर बदलायला लावतो आणि गरजेपुरतीच हवा जाईल अशी व्यवस्था करतो. तीच गोष्ट वायुवीजनाची, स्क्रबरची आणि रिअ‍ॅक्टर थंड ठेवणाऱ्या यंत्रणेची. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी याच वसाहतीतील एका कारखान्यात झालेल्या स्फोटात कामगारांचे बळी गेले, ती घटना महाड विसरलेले नाही. सुरक्षेच्या यंत्रणेवरील वीज ही खर्चाच्या स्तंभात लिहिण्याची गोष्टच नव्हे.

पोलादपूरची परिस्थिती वेगळी. तेथे महाडसारखी रसायनांची वसाहत नाही. डोंगरउतारावरचे भात आणि नाचणी, महामार्गावरची उपाहारगृहे, भाताच्या गिरण्या, बेकऱ्या, लाकडाच्या वखारी, आणि मुंबईहून येणारी मनिऑर्डर असे या तालुक्याचे अर्थकारण राहिले आहे. मनिऑर्डरची जागा आता मोबाइलने घेतली, एवढाच फरक. या छोट्या व्यवसायांना दीडशे पानांचा अहवाल नकोच आहे. उपाहारगृहातील शीतपेट्यांच्या दाराची रबरी पट्टी, गिरणीच्या मोटारीचा ढिला पट्टा, बेकरीच्या भट्टीचे दार, मंजूर भार आणि प्रत्यक्ष भार यांतील तफावत एवढे तपासायला जाणत्या माणसाला अर्धा दिवस पुरतो. बचत महिन्याला दोन-तीन हजारांची होईल. मुंबईतील कंपनीला ती क्षुल्लक वाटेल. पोलादपूरच्या गिरणीवाल्याला ती मुलाच्या शिकवणीच्या फीइतकी असते.

मग असे सल्लागार आणायचे कोठून? उत्तर जवळच, माणगाव तालुक्यात आहे. लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. रसायन, विद्युत, यंत्र या शाखांचे विद्यार्थी तेथे शिकतात, आणि महाडची वसाहत तेथून तासाभराच्या आत आहे. अमेरिकेत १९७६ पासून विद्यापीठांतील प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांच्या तुकड्यांनी लहान-मध्यम कारखान्यांत जाऊन विनामूल्य ऊर्जा तपासणी करण्याची योजना राबविली गेली. ऊर्जा विभागाने खर्च उचलला, कारखान्यांना बचतीचा मार्ग मिळाला आणि विद्यार्थ्यांना खऱ्या यंत्रांवरचे शिक्षण. अशा हजारो तपासण्या झाल्या आणि त्यांतून ऊर्जाक्षेत्रातील अभियंत्यांची एक पिढी तयार झाली. अमेरिकेचे सारेच अनुकरणीय नसते, हे येथे वेगळे सांगायला नको. पण ही एक गोष्ट उचलण्याजोगी आहे. लोणेऱ्याच्या अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणून ग्रंथालयात धूळ खाणारा प्रबंध लिहिण्याऐवजी महाडच्या एका कारखान्याचा वाफेचा ताळेबंद मांडता येणार नाही काय? त्याच्या जोडीला आयटीआय झालेला, वसाहतीत पाच-सात वर्षे काम केलेला पोलादपूरचा फिटर असावा. ट्रॅप आवाजावरून ओळखणारे कान त्याच्याकडे असतात, ते पदवीने मिळत नाहीत. पोलादपूरच्या तरुणाने मुंबईला जाऊन सुरक्षारक्षक व्हावे याखेरीज त्याच्यापुढे अन्य व्यवसाय असू शकतो, हा या विषयाचा सामाजिक भाग आहे, आणि तो किलोवॅटइतकाच महत्त्वाचा आहे.

पैशाचा प्रश्न पूर्वीइतका बिकट राहिलेला नाही. केंद्र शासनाने जुलै २०२५ मध्ये ‘अदिती’ या नावाने १००० कोटी रुपयांची योजना सुरू केली. तिच्यात ऊर्जाबचतीची यंत्रणा बसविण्यासाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजात सूक्ष्म व लघु उद्योगांना पाच टक्के, तर मध्यम उद्योगांना तीन टक्के सवलत ठेवली आहे. योजनेतील १४ क्षेत्रांत रसायने आणि औषधनिर्माण ही दोन्ही आहेत. अशा योजनांचा लाभ ज्यांच्याकडे आकडे असतात त्यांनाच मिळतो. आधीचा वापर किती आणि नंतरचा किती हे दाखविता आले नाही, तर बँकेच्या दारातूनच परतावे लागते. सल्लागाराचे मानधनही निम्मे तपासणीच्या वेळी आणि निम्मे सिद्ध झालेल्या बचतीतून द्यावे. म्हणजे फुकट सल्ल्यामागील विक्रीचा डाव संपेल आणि सल्लागाराला परत यावेच लागेल.

हा केवळ मालकाच्या नफ्याचा विषय आहे, असे ज्याला वाटते त्याने रायगड जिल्ह्यातीलच भिरा येथील वीजगृह आठवावे. टाटांचे ते केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले, चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्याच वर्षी. त्याला पाणी मिळते ते मुळशीच्या धरणातून, आणि त्या धरणाखाली गेलेल्या जमिनींसाठी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तुरुंगवास भोगला. धरण झाले, वीज झाली, मुंबईच्या गिरण्या चालल्या. कोयनेच्या जलाशयाखाली आणखी गावे गेली. औष्णिक विजेसाठी विदर्भात कोळशाच्या खाणींनी शेते खाल्ली. महाडच्या एका कारखान्यात रात्रभर रिकामा फिरणारा कॉम्प्रेसर जी वीज जाळतो, ती या सर्वांच्या जमिनीतून आलेली असते. विस्थापितांच्या पुनर्वसनाविषयी सभांतून बोलणाऱ्या समाजाने त्या विजेच्या विनियोगाविषयी गप्प राहावे, हे विसंगत आहे.

कारखानदारांच्या संघटनेने पहिल्या वर्षी दहा लहान कारखाने निवडावेत. प्रत्येकी एक वाफेचा आणि एक विजेचा स्वतंत्र मीटर बसवावा आणि पावसाळ्यापूर्वी एक, पावसाळ्यानंतर एक अशी दोन मोजमापे लोणेऱ्याच्या विद्यार्थ्यांकडून घ्यावीत. नोंदवही मराठीत ठेवावी, म्हणजे पाळीवरचा माणूस ती स्वतः भरील. दहा कारखान्यांना मिळून एक प्रमाणित लेखापरीक्षक नेमला तर त्याचा खर्च प्रत्येकाच्या वाट्याला फार मोठा येत नाही. वार्षिक देखभालीसाठी बॉयलर थंड करतात ते चार-पाच दिवस दुरुस्तीसाठी राखून ठेवावेत. यंदाच्या बंदच्या तारखा ठरविण्यासाठी बैठक होईल तेव्हा हा विषय त्याच बैठकीत घेता येईल.